रुखवतातला लाल खेकडा

नागपूरला समुद्र नाही, यात माझी काही चूक नाही.

तरी प्राचीच्या लग्नाची सुपारी फुटली त्या दिवशी मला असं वाटत होतं, की तो मीच कुठंतरी ठेवून विसरले! प्राची म्हणजे माझी एकुलती एक पोरगी. पुण्यात नोकरी करते. तिथंच तिनं मुलगा पसंत केला, सौरभ, राहणार वेंगुर्ला. मुलगा सालस, हसरा, पानात वाढलेलं निमूट खाणारा. प्रश्न त्याच्या आईचा होता. होणाऱ्या विहीणबाई मानेवाड्याच्या आमच्या घरात सोफ्यावर बसल्या, कूलरकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, की तुमच्याकडे वारा कुठून येतो. मी म्हटलं, कूलरमधून. मग त्यांनी विचारलं, की मासे कुठले खाता. मी म्हटलं, तलावातले. त्यावर त्या "अगो बाई" इतकंच म्हणाल्या, पण अशा म्हणाल्या, जणू आमच्या घरी कोणी आजारी असावं. मला राग आला. मला राग लवकर येतो, हे इथंच सांगून ठेवते, म्हणजे पुढे खुलासे करायला नकोत.

पण त्या दिवशीचा खरा राग वेगळाच होता आणि तो माझ्या मोठ्या जाऊबाईंवर होता. पाहुणे गेल्यावर त्यांनी लग्नाची सगळी सूत्रं हातात घेतली आणि सांगून टाकलं, की आमच्या घराण्यात मुलीच्या आईनं मुलीचं लग्न पाहायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं आतल्या खोलीत तुळशीपुढे दिवा लावून बसायचं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, की मग बाहेर यायचं. का बसायचं, असं मी विचारलं. "बसतात," असं उत्तर मिळालं. जाऊबाई स्वतः आपल्या दोन्ही पोरींच्या लग्नात बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचा पेपर पक्का होता.

मला पाहायचं होतं, बाप्पा! या पोरीचा पहिला दात मी पाहिला, पहिली सायकल पाहिली, सायकलवरून पडलेली पाहिली, बारावीला रडत बसलेली पाहिली. आणि ती हार हातात घेऊन उभी राहणार तेव्हाच नेमकी मी एका कुंडीकडे तोंड करून बसू? मी प्राचीच्या बाबांना तसं सांगितलं. ते हिंगण्याच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते आणि घरातल्या भांडणात आयुष्यभर न्यूट्रल राहिले.

"वहिनी म्हणतात तर बस ना वं," ते म्हणाले. "पाच मिनिटाचा तर सवाल आहे."

"पाच मिनिटाचाच सवाल आहे तर तुम्ही बसा," मी म्हटलं.

त्यावर त्यांना बाहेर काहीतरी काम आठवलं. मी ठरवलं, की ठीक आहे. लग्नात आईचं तोंड दिसणार नसेल तर आईचे हात दिसतील, आणि असे दिसतील की वेंगुर्ल्यापर्यंत नाव निघेल. म्हणजे रुखवत. हे माझं क्षेत्र आहे. आमच्या अख्ख्या कॉलनीतल्या पोरींची रुखवतं मी मांडली आहेत. साखरेच्या खड्यांचं देऊळ, सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीची तोरणं, शिंपल्यांचे मोर (शिंपले इतवारीतले. हो, तेव्हासुद्धा समुद्र नव्हता). पण या वेळी मला वेगळं काहीतरी पाहिजे होतं. माझी पोरगी त्या समुद्राकाठी राहायला चालली होती, आणि त्या समुद्राचा मला काही म्हणता काही पत्ता नव्हता. तिच्यासोबत माझ्या हातचं असं काहीतरी जावं, जे तिथल्या पाण्यात चालेल, असं मला फार वाटत होतं.

ते सौरभनंच सुचवलं, बिचाऱ्याला माहीत नसताना. त्याला मासेमारीचा नाद आहे, पण आपल्यासारखा कणकेचा गोळा लावून नाही. लांब लवचिक काठी असते आणि गळाला लोकर, पिसं बांधून खोटा किडा तयार करतात. त्याला फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी. समुद्राच्या उथळ पाण्यात मोठे मासे वाळूतले खेकडे हुडकत फिरतात, म्हणून तिथं खोटा खेकडा बांधतात, आणि त्या खेकड्यालाही माशीच म्हणतात. (मी काही बोलले नाही. होणारा जावई होता.) मग एवढा खटाटोप करून मासा पकडायचा, त्याचा फोटो काढायचा आणि त्याला सोडून द्यायचं! मी विचारलं, मग जेवायचं काय. तो म्हणाला, घरी आईनं केलेलंच असतं. असे खेकडे तो बाहेरून मागवायचा. मी म्हटलं, कायले मागवता? रुखवतात मीच देते बांधून. तो "वा, आई" म्हणाला. आई म्हणाला! आता माघार शक्यच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाईलवर व्हिडिओ पाहायला लागले. एक दाढीवाला गोरा माणूस बांधून दाखवायचा. भाषा काही कळायची नाही, पण हात कळायचे. त्याच्याकडे गळ धरून ठेवायला छोटासा शिकंजा होता. आमच्याकडे प्राचीच्या बाबांची मोठी पक्कड होती. ती आम्ही डायनिंग टेबलाला तारेनं आवळून बांधली. तेव्हापासून आम्ही जेवायला खाली बसायला लागलो. गळ इतवारीतून आणला. जड होऊन बुडावा म्हणून सायकलच्या चाकातले दोन छर्रे तारेत बसवून गळावर बांधले. मग लोकरीचे तुकडे गळावर आडवे ठेवून दोऱ्यानं इंग्रजी आठाचे वेढे मारायचे, कंगव्यानं विंचरायचे आणि कात्रीनं गोल कापायचे. हे म्हणजे आमच्या तोरणाचे गोंडेच! एवढ्यासाठी तो माणूस दाढी वाढवून बसला होता. पाय रबरबँडचे, सांध्याच्या जागी गाठ. नांग्यांना गावरान कोंबड्याची पिसं. डोळे नायलॉनच्या दोरीचे, टोक मेणबत्तीवर धरलं की काळा मणी तयार. शेवटी सगळ्यावर प्राचीची जुनी नेलपॉलिश.

व्हिडिओत तो माणूस अजून एक गोष्ट करायचा. गळाच्या टोकाजवळ एक बारीक उलटा काटा असतो, म्हणजे आत गेलेला गळ सहजासहजी बाहेर येत नाही. तो काटा हा माणूस पकडीनं दाबून सपाट करायचा, मासा सोडताना त्रास नको म्हणून. मला ते काही पटलं नाही. चांगल्या गळाचा कोणी काटा मोडते का? पैसे देऊन चाकू आणायचा आणि दगडावर घासून बोथट करायचा, अशातली गत. मी काटा तसाच ठेवला. पहिल्याच आठवड्यात तो गळ प्राचीच्या बाबांच्या बनियानीत घुसला. ओढला तर अजून आत. शेवटी बनियान कापावी लागली. मग तो खिडकीच्या पडद्यात घुसला, तेव्हा पडदा आणि खेकडा दोन दिवस एकत्रच राहिले.

"त्या गोऱ्यासारखा काटा दाबून टाक ना वं," हे म्हणाले. "कोणाच्या डोळ्यात घुसन एखाद्या दिवशी."

मी त्यांना सांगितलं, की गळाचं कामच घुसण्याचं आहे, आणि तुम्ही जपून बसत जा.

बादलीत टाकून पाहिले तर पहिले खेकडे तरंगायचे, नंतरचे उताणे पडायचे. पण एके दिवशी एक खेकडा सरळ तळाला गेला आणि नांग्या वर करून असा बसला, की मीच दचकून हात मागे घेतला. अंगठ्याच्या नखाएवढा, बदामी रंगाचा, हुबेहूब! मी तो बशीत ठेवून मोठ्या हौसेनं जाऊबाईंना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, बशी उजेडात धरली आणि विचारलं, "सुनंदा, हे झुरळ कायले केलं वं?"

झुरळ! तिथंच माझं डोकं फिरलं. पण घरी येताना विचार केला, की बाई कडू बोलली तरी एक गोष्ट खरी आहे. रुखवतात एवढीशी वस्तू कोणाला दिसणार? दोन लाडवांच्या मधात हरवून जाईल. म्हणून मी पुन्हा इतवारी गाठली आणि धरणातल्या मोठ्या माशांसाठी असतो तो सर्वांत मोठा गळ आणला. खेकडा तळहाताएवढा करायचा ठरवला. आणि रंग? बदामी लोकरीत काही जीव नव्हता. मी डोळे मिटले आणि खरा खेकडा कसा दिसतो ते आठवलं. लगेच दिसला! लालबुंद. आयुष्यभर पाहिलेला. तोरणासाठी आणलेली लाल लोकर घरात होतीच.

तो खेकडा माझ्या हातून झालेली सर्वांत सुंदर वस्तू आहे, हे मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे. कॉलनीतल्या बाया पाहायला आल्या आणि थक्क झाल्या. एकीनं म्हटलं, की अगदी खराखुरा वाटते. दुसरी म्हणाली, की वरून तर्री टाकली की झालं. एवढ्या बायांपैकी एकीलाही शंका आली नाही, आणि मला तर नाहीच नाही. कोणाला येणार? आम्ही सगळ्या नागपूरच्या.

लग्न भर मे महिन्यात होतं. हॉलमध्ये रुखवताचं टेबल मी स्वतः मांडलं आणि मधोमध, चांदीच्या ताटात, तांदळाच्या वाळूवर खेकडा बसवला. मुहूर्ताच्या आधी वरपक्षाच्या बायका रीतीप्रमाणे रुखवत पाहायला आल्या. विहीणबाई पुढे, हिरवी नवी पैठणी, अंगावर ऐन उन्हाळ्यात एवढं सोनं. त्यांनी साखरेचं देऊळ पाहिलं, छान म्हणाल्या. तोरणं पाहिली, छान म्हणाल्या. मग खेकड्यापाशी थांबल्या. दोन बोटांत धरून उचलला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"ह्यो शिजवलेलो आसा काय?"

मागच्या बायका फिसकन हसल्या. विहीणबाईंनी मला समजावून सांगितलं, तेही अगदी मायेनं, की खेकडा जिवंत असतो तेव्हा चिखलाच्या किंवा वाळूच्या रंगाचा असतो, लाल होतो तो पातेल्यात गेल्यावर. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की मी जन्मात खेकडा नीट निरखून पाहिला तो फक्त रश्शात! समुद्रातल्या माशाला मी शिजलेलं जेवण वाढायला निघाले होते. पण म्हणून मान खाली घालणार? मी म्हटलं, "आमच्या नागपूरच्या उन्हात जिवंत खेकडेही लालच होतात."

आता सगळ्याच हसल्या, विहीणबाईसुद्धा. त्या मोकळ्या मनानं हसत होत्या, हे मला आज कळते. तेव्हा मला फक्त माझा खेकडा त्यांच्या हातात दिसत होता. मी तो हिसकला. त्यांनी सोडला नाही, कारण तो त्यांच्या पदरात घुसला होता. मी जोर लावला, आणि गळ त्यांच्या पैठणीतून आरपार येऊन माझ्या शालूच्या पदरात घुसला. मग दोघींनी मिळून सोडवायचा प्रयत्न केला. जितका सोडवला तितका रुतला. काटा उत्तम होता.

तेवढ्यात माईकवरून गुरुजींचा आवाज आला, की मामांनी वधूला घेऊन यावं. आणि जाऊबाई आल्या. हातात तुळशीच्या दिव्याचं ताट, कपाळावर आठ्या. "चाल, खोलीत चाल," म्हणत त्यांनी माझा दंड धरून ओढलं. मी निघाले तशा विहीणबाईही माझ्यामागे निघाल्या. जाऊबाई थांबल्या, वळल्या आणि आमच्या दोघींच्या मधात लोंबणारा लाल खेकडा त्यांना दिसला. मुलीच्या आईनं कुठं बसायचं हे त्यांना ठाऊक होतं. पण मुलीच्या आईला वरमाई अडकलेली असेल तर दोघींना कुठं बसवायचं, हे त्यांना कोणत्याच सासूनं शिकवलं नव्हतं!

गळ काढता येईल असा एकच माणूस होता, प्राचीचे बाबा, आणि ते स्टेजवर उभे होते. त्यांची पक्कड घरी डायनिंग टेबलाला बांधलेली होती. शेवटी जाऊबाईंनी कोणाकडून तरी कात्री मागवली आणि माझ्या पदराचं टोक चिमटीत धरलं. मी काही बोलणार, त्याच्या आत विहीणबाईंनी त्यांचा हात बाजूला केला.

"कातर नको," त्या म्हणाल्या. "अक्षतांच्या वेळार आयेच्या पदराक कातर लावूची नाय."

"पण आमच्या घराण्यात आई लग्न पाहत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"माझ्या झिलाचा लगीन मी बघतलंय," विहीणबाई म्हणाल्या, "आणि ही माझ्यावांगडा आसा."

झील म्हणजे मुलगा आणि वांगडा म्हणजे सोबत, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझा हात धरला आणि निघाल्या. रीतीला रीत भिडली की ज्या रीतीच्या अंगावर सोनं जास्त ती जिंकते, हे मला त्या दिवशी समजलं. आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून, तिरप्या चालत, अख्ख्या हॉलमधून पहिल्या रांगेपर्यंत गेलो. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे विहिणी-विहिणींचं! काही जणांनी तर फोटोही काढले. मागून जाऊबाई दिव्याचं ताट घेऊन येत होत्या, कारण ते कुठं ठेवायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

आणि मी उभी राहिले. माझ्यासमोर माझी पोरगी उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, हातात हार घेतलेली. तिनं मला पाहिलं. मी आत असणार असंच तिला वाटत होतं. तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आता घराण्यानं माझं काय करायचं ते करावं. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं आणि मला रडू फुटलं. साधं नाही, पोटातून. डोळे पुसायला पदर उचलला तर सोबत विहीणबाईंचाही पदर उचलला गेला, आणि त्या एक पाऊल माझ्याकडे ओढल्या गेल्या. पुन्हा रडू आलं, पुन्हा पदर उचलला, पुन्हा त्या आल्या. असं चाललं होतं. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्या माझ्या कानाशी वाकल्या. त्यांचेही डोळे भरलेले होते.

"रडा," त्या म्हणाल्या, "पण हळू रडा. पैठणी नवी आसा."

लग्न लागल्यावर सौरभच्या एका मित्रानं गाडीतली पक्कड आणली. प्राचीच्या बाबांनी तो उलटा काटा दाबून सपाट केला आणि गळ दोन्ही पदरांतून अलगद बाहेर आला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत, पण तीस वर्षांच्या संसारात माणूस न बोलता किती बोलू शकतो हे मी जाणून आहे. जाऊबाई मात्र बोलल्या. अजूनही बोलतात, की सुनंदानं हे मुद्दाम केलं. मी त्यांना दर वेळी एकच सांगते, की मला असं मुद्दाम करता येत असतं, तर मी दोन महिने लोकर कापत बसले नसते.

खेकडा वेंगुर्ल्याला गेला. सौरभनं इमानदारीनं तो खाडीत टाकून पाहिला. अजून एकही मासा त्याच्याकडे फिरकलेला नाही. यावर माझं म्हणणं असं आहे, की तिथल्या माशांनी नागपूरचा माल कधी पाहिला नाही, त्यांना थोडा वेळ द्यावा.

आणि कोणी विचारलं, की सुनंदा, तू पोरीचं लग्न खरंच पाहिलं का वं, तर मी छातीठोकपणे सांगते, की पाहिलं. पहिल्या रांगेत उभं राहून पाहिलं. डोळ्यांत पाणी इतकं होतं की सगळं पुसट दिसत होतं, पण आईच्या नजरेला काय, पोरीचा लाल शेला दिसला की बस! त्या लाल रंगाकडे मी नेम धरून मूठ मूठ अक्षता टाकल्या आणि मनापासून म्हटलं, सुखी राहा, एकमेकांना सांभाळा, लवकर गोड बातमी द्या. मग लग्नाचा व्हिडिओ आला. त्यात स्पष्ट दिसते, की प्राची आणि सौरभ उजवीकडे कोरडे उभे आहेत, आणि माझ्या सगळ्या अक्षता लाल टी-शर्ट घातलेल्या फोटोग्राफरच्या डोक्यावर पडून राहिल्या आहेत.